आमच्या घरचा माणूस दारात आला की

मी गाव सोडलं त्या सकाळी विहिरीवरच्या बायकांनी भरलेल्या घागरी खाली ठेवल्या होत्या. पुढं बा, डोक्यावर माझी पत्र्याची पेटी; मागं मी, अंगात नवा सदरा आणि पायात मावसभावाची चप्पल. घाटंजीवरून यवतमाळला जाणारी मोटार कोणासाठी थांबत नसे, म्हणून आम्ही दोघं पाय उचलून चाललो होतो. तेवढ्यात एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "कोण गेलं वं माय? कोणाचा सांगावा घेऊन चालले हे लोक?"

बा थांबला, पेटी सावरली आणि हसला. "कोणी नाही गेलं, बाई. माहा पोट्टा चालला. यवतमाळले तार ऑफिसात लागला. सरकारी नोकरी हाय, म्हटलं!"

म्हातारी काही हसली नाही. आम्ही वळणाआड होईपर्यंत ती आमच्याकडं पाहत राहिली. मला उगीचच वाटून गेलं, हिनं आजच्या दिवशी हे विचारायला नको होतं. मोटारीत बसताना बानं खिडकीतून हात आत घातला आणि माझा खांदा दाबला. "कोणापुढं वाकजो नोको, किसन. खाकी घातलेला माणूस वाकत नसते." हे त्याचं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे.

त्या म्हातारीचं तसं चुकलं नव्हतं. जे गावातच राहिले त्यांना हे सांगायला नको, पण गाव सोडून गेलेल्यांच्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मयताची खबर सोयऱ्याधायऱ्यांना पोचवायचं काम आमच्या घराकडं होतं. गावात कोणी गेलं की बानं काठी उचलायची आणि उन्हातान्हात गावोगाव चालत सुटायचं. एरवी पाटलाच्या दारावरून जाताना कमरेत वाकून "जोहार, मायबाप" म्हणावंच लागे. पण मयताची खबर आणणारा जोहार घालत नाही. तो फाटकाशी मुकाट उभा राहतो. ते मुकेपण पाहिलं की आतल्या बायका हंबरडा फोडत. मग बा हळूच म्हणायचा, "तब्येत जास्त हाय, चाला लवकर." मेलं असं तोंडानं कोणी म्हणत नसे. तब्येत जास्त म्हणजेच संपलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग घरातलं कोणीतरी सुपातून पसाभर ज्वारी वरून त्याच्या उपरण्यात टाकायचं, आणि बा मागं न पाहता निघायचा.

छप्पन्न साली बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला. आल्या-आल्या पाटलाच्या ओट्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आजपासून सांगावा नाही, मेलेलं ढोर ओढणं नाही, जोहारबी नाही." इतकं बोलून तो घरी आला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला, असं माय सांगायची. गावानं वर्षभर आमचं जिणं हैराण केलं, पण बा हटला नाही. पाटलाच्या दारावरून जाताना मुद्दाम मान ताठ ठेवायचा. कंबर दुखायची त्याची, तरी ताठ.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण झालं. परवा गावाकडून माझा भाचा आला होता. जेवताना सहज बोलून गेला, "मामा, गावात लोक म्हणतात का बळीरामबुवा मागून पुन्हा वळले होते. जोहार घातलता म्हणे पाटलाले." माझा घास हातातच राहिला. बळीरामबुवा म्हणजे माझा बा; तो जाऊन इतकी वर्षं झाली आणि गावाच्या लक्षात काय राहिलं, तर हे! अरे, काहून घातला हे कोणी विचारलं काय? म्हणून सांगतो, तुम्ही गावात राहिलेल्यांनी ऐका आणि गाव सोडून गेलेल्यांनीही ऐका.

यवतमाळला तार ऑफिसात ते कट्ट-कडकट्ट वाजणारं यंत्र होतं. मी मॅट्रिकला होतो तेव्हा एकदा खिडकीतून पाहिलं आणि वेडाच झालो. इकडं बोट दाबलं की तिकडं मुंबईत बोललं! मला वाटलं, लागलो की आपणही शिकू. साहेबांनी मला खाकी कपडे दिले, कातडी बॅग दिली, लाल सायकल दिली आणि यंत्राच्या खोलीचं दार लोटून घेतलं. माझी ड्युटी दाराबाहेर.

पहिली तार एका मास्तरांच्या घरची. मी घंटी वाजवली, बाई दारात आल्या, हाताला कणीक. माझी खाकी पाहिली आणि मी तोंड उघडायच्या आत उंबरठ्यावर मटकन बसल्या. शेजारच्या बायका धावल्या, कोणी पाणी मारलं, कोणी रडायला सुरुवातही केली. तार होती त्यांच्या भावाची, परीक्षेत पास झाल्याची. मला मोठी गंमत वाटली होती त्या दिवशी. पुढच्या महिन्याभरात गंमत पार उतरली. आनंदाची बातमी लोक पोस्टकार्डावर कळवत. तार करायची ती कोणी गेलं तरच, नाहीतर जाण्याच्या वाटेवर असलं तर. मी सायकलवरून गल्लीत वळलो की ओट्यावरच्या गप्पा बंद पडत. मी पुढच्या घराकडं गेलो की मागच्या घरचे लोक हुश्श करत, ते मला पाठीला कळायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं मला पाहून घाईघाईनं दार लावून घेतलं. तार शेजारच्यांची होती.

एका संध्याकाळी सायकल पुसता-पुसता मला लख्ख कळलं. बानं जे काम पाटलाच्या तोंडावर फेकून दिलं होतं, तेच सरकारनं खाकी चढवून मला दिलं होतं. याच्यासाठी बानं पेटी डोक्यावर वाहिली होती?

मी गफ्फार मिस्त्रींच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मिस्त्री मोटारींची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि त्यांचा मोठा मुलगा ट्रकवर ड्रायव्हर, सदा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. मिस्त्रींच्या बायकोला मी खाला म्हणायचो, फार मायेची बाई. पण एक दिवस ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बेटा, बुरा मत मानना. तू दरवाजे पे खाकी में खड़ा दिखता है तो मेरा कलेजा मुँह को आता है. जरा उधर ही बदल के आया कर." त्यांचं काय चुकलं? त्या दिवसापासून मी कोपऱ्यावरच्या लिंबाखाली खाकी सदरा काढून बॅगेत कोंबायचो आणि नुसत्या बनियनवर घरी यायचो. थंडीतसुद्धा.

गावी गेलो की बा विचारायचा, "मशीन शिकला काय गा?" मी म्हणायचो, "शिकून राह्यलो." तो शेजाऱ्यांना बोटं हवेत आपटून दाखवायचा, माहा पोट्टा असं वाजवते म्हणून. मी मान खाली घालून भाकर खायचो.

मग साठनंतरच्या एका कापसाच्या हंगामात घाटंजीचा तारवाला आजारी पडला आणि मला तिथं बदली ड्युटीवर पाठवलं. ऑर्डर हातात पडली ती मी दोनदा वाचली. घाटंजीच्या ऑफिसात आमच्या गावच्या तारा येत.

आलीच. सकाळी यंत्र वाजलं, तारबाबूंनी कागद पाकिटात घातला आणि नेहमीसारखा टेबलावर न सरकवता माझ्या हातात दिला. "किसन, तुझ्याच गावची आहे. पाटलांची मुलगी, अमरावतीला बाळंतपणाला दवाखान्यात. सीरियस आहे. दुपारच्या मोटारीच्या आत पोचव बाबा, आईबाप निघाले तर भेट तरी होईल." मजकूर आम्हाला सांगायचा नाही असा नियम, पण बाबू लेकीवाले होते.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीत बायका कापूस वेचत होत्या. मी दिसलो की एकेक बाई कंबर सरळ करून उभी राहायची. कोणी हाक मारली नाही. आमच्या वस्तीवरूनच पाटलाकडं रस्ता जातो. माय अंगणातून ओरडली, "आला वं, माहा किसन आला!" आणि मग तिला बॅग दिसली, तशी ती गप्प झाली. बा दोरी वळत बसला होता.

"कोणाच्या घरची हाय?"

"पाटलाच्या."

"हातात दे. ओट्यावर ठेवू नोको. सही घेजो त्याची." त्याचे डोळे चमकले होते. मग ते माझ्या बॅगेवर येऊन थांबले. आवाज एकदम खाली आला. "तू हेच करतं काय गा? घरोघरी?"

मी बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढला.

"अन् मशीन?"

मी सायकल वळवली. मागं दोरी जमिनीवर टाकल्याचा आवाज आला, तेवढाच.

पाटलाच्या फाटकाशी गडी बैलांना पाणी पाजत होता. तार आली, असं तो म्हणालाच नाही. आत पळत गेला आणि ओरडला, "मालक, बळीरामचा पोट्टा आला!" बस्स. आतून पाटलीणबाईंचा असा हंबरडा आला की माझ्या हातातली सायकल आडवी झाली. "माही सुमी वं! माही सुमी!" लेक पहिलटकरीण, घरात तीच एक काळजी होती, दुसरं कोणाचं नावही कोणाच्या मनात आलं नाही. कोणीतरी चुलीत पाणी ओतलं. धूर बाहेर आला. त्या घराची रीतच होती ती, खबर आली की आधी चूल विझवायची.

मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. हातात घ्या, सही करा, असं खणकावून सांगणार होतो. पण पाटील ओट्यावर बसला होता आणि डोक्याचा पटका सोडून त्यानं मांडीवर ठेवला होता. मी पाकीट पुढं केलं. "पाटील, उघडा. मी वाचून सांगतो."

"ठेव तिथं," तो म्हणाला. "वाचाले काय राह्यलं आता? तुह्या बापानं जित्या माणसाची खबर कधी आणली होती काय?"

"पाटील, सुमनबाई जित्या आहेत! तब्येत जास्त आहे, लवकर चला!"

बोललो आणि जीभ चावली. तेच शब्द! बा ज्या शब्दांनी मेलेल्यांची खबर सांगायचा, नेमके तेच माझ्या तोंडून गेले. आतला आकांत दुप्पट झाला. मी पाकीट फाडलं, नियम गेला खड्ड्यात, आणि मोठ्यानं वाचलं, इंग्रजीत, मग मराठीत. सीरियस, ताबडतोब निघा. पण सीरियस या शब्दाचाही अर्थ एव्हाना गावाला ठाऊक झाला होता. शहाणी माणसं मेल्याची तारही सीरियस म्हणूनच करत. अंगणात आंघोळीचं पाणी काढलं गेलं. भावकीला बोलवायला कोणी धावलं. एका गड्यानं सुपातली ज्वारी माझ्याकडं ओतली, ती माझ्या बुटांवर पडली. मी ओरडत होतो, पाटील, मोटार जाईल, बैल जुंपा. कोणी ऐकत नव्हतं. तिकडं अमरावतीत ती पोरगी दाराकडं डोळे लावून पडली असेल आणि इकडं तिचं सुतक सुरू झालं होतं. मला रडू फुटलं. असली नोकरी देवानं शत्रूलाही देऊ नये असं वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी बा दिसला. रडणं वस्तीपर्यंत गेलं होतं. त्यानं मला जवळ घेतलं आणि कानाशी विचारलं, "खरंच जिती हाय?"

"हो बा. आईची शपथ."

"मोटार?"

"आत्ता निघाले तर मिळते."

बानं ओट्याकडं पाहिलं, विझलेल्या चुलीच्या धुराकडं पाहिलं. मला कळलं तो काय करणार आहे, आणि मी त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवून घेतली. फाटकाच्या आत एक पाऊल टाकून तो कमरेत वाकला, हात मातीला लागेपर्यंत वाकला, आणि मी लहानपणी ऐकलेल्या त्या आवाजात ओरडला, "जोहार, मायबाप! जोहार!"

रडणं मधल्यामधे तुटलं. आतून पाटलीणबाई दारात आल्या, केस सुटलेले. आंघोळीच्या पाण्याशी उभा असलेला माणूस तिथंच थांबला. मयताच्या दारात जोहार कोणी घालत नाही. आमच्या घरच्या माणसानं तर मयताची खबर असताना आजवर कधीच घातला नव्हता.

पाटील उठला. "बळीराम... खरं?"

"जोहार घातला ना, मालक. बैल जुपा लवकर."

बैल जुंपले. पाटलीणबाई तशाच अनवाणी दमणीत चढल्या. धूळ उडाली, दमणी नजरेआड गेली, तरी बा वाकलेलाच. मी धावलो आणि त्याला दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. "कंबर धरली," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

मोटार मिळाली. सुमनबाई वाचल्या. लेकरू नाही वाचलं. आई पोचली तेव्हा त्या शुद्धीवर होत्या आणि आईचा हात धरूनच त्यांनी ती रात्र काढली, असं मागून कळलं.

आणि गावात काय झालं ते ऐका. आठवड्याभरात पाटलाचा नव्हे, दुसऱ्याच एका मालदाराचा गडी आमच्या दारात आला. बैल मेला, ओढायला चाल म्हणे. बा नाही म्हणाला, तर गडी हसला, "जोहार चालते अन् ढोर चालत नाही काय?" पुढं रोज कोणी ना कोणी येई. जोहार एकदा घातला म्हणजे मागचं सगळं परत आलं, असं त्यांनी धरून टाकलं. आमच्या वस्तीतली तरणी पोरंही बाशी बोलेनाशी झाली. बुवा वळले, एवढंच ते म्हणायचे. पाटलाला सगळं ठाऊक होतं. त्यानं एका शब्दानं गावाला सांगितलं असतं तरी पुरे होतं. तो बोलला नाही. बाला मजुरी मिळेना, मायला पाण्याला जाताना टोमणे. एका रात्रीतून आमच्या परसातल्या तुरी कोणी उपटून टाकल्या. होळीच्या आधी मी दोघांना यवतमाळला घेऊन आलो. त्या सकाळी विहिरीवर बायका होत्या. यावेळी कोणी काही विचारलं नाही.

मी बाला म्हणालो, ही नोकरी सोडतो. तो गफ्फार मिस्त्रींच्या ओट्यावर बसला होता, खालांनी दिलेला चहा बशीत ओतत. "सोडाची असंन तर सोड," म्हणाला. "पण ठेवली तर लोकायले दुरूनच समजू दे. मी नाही का समजवलं?" बशी रिकामी करून म्हणाला, "माहा जोहार होता. मीच सोडला, मीच घातला. त्यात गावाचं काय?"

मग मी तसं करायला लागलो. बाबूंना मजकूर विचारून घ्यायचा. मरणाची तार नसली की गल्लीच्या तोंडापासूनच घंटी वाजवत मोठ्यानं ओरडायचं, "नमस्कार! नमस्कार हो!" थोड्याच दिवसांत यवतमाळच्या बायकांना कळलं. तारवाला ओरडत आला की पदर सावरून हसत बाहेर यायच्या. खाला म्हणाल्या, "बेटा, अब खाकी में ही आया कर. बस, मोड़ से आवाज दे दिया कर." नोकरी बरी वाटायला लागली असं म्हणणार नाही, पण निभायला लागली.

फक्त त्याला दुसरी बाजू होती. ज्या दिवशी मरणाची तार असे, त्या दिवशी मुकं जावं लागे. मी सायकलवरून उतरून, घंटीवर हात दाबून गल्लीत शिरायचो आणि सगळी गल्ली माझं मुकेपण ऐकायची. एकेक घर मागं पडायचं. ज्या घराशी माझे पाय थांबणार, तिथली बाई मी पोचायच्या आधीच भिंतीला टेकलेली असायची. काही दिवस तर मला वाटायचं, मी थांबलोच नाही, असाच चालत राहिलो, तर कदाचित कोणी मरणारच नाही.

पुढं मी परीक्षा दिली, टपाल छाटणारा सॉर्टर होऊन नागपूरला आलो. बा, माय इथंच गेले. गावी जागा आहे अजून, भिंती पडल्या आहेत. लोक विचारतात, तुमचं मूळ घर कुठलं? मी तालुक्याचं नाव सांगतो. पण मनात वेगळंच येतं. यवतमाळच्या त्या एका खोलीत, दिवसभर मुक्यानं फिरून आलो की मी तसाच, एक शब्द न बोलता आत शिरायचो. माय चुलीवरून मान वर करायची. "हात धू, भाकर वाढून राह्यली." माझ्या तोंडाकडं पाहून तिनं कोण गेलं म्हणून कधी विचारलं नाही.

आताही संध्याकाळी फिरून येतो, दार लोटतो, आवाज न देता आत येऊन बसतो. सून स्वयंपाकघरातून डोकावते. "बाबा, कधी आलात? कळलंच नाही," म्हणते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते. माझ्या मुक्यानं येण्याची इथं कोणाला भीती नाही. मला आणखी काय पाहिजे?